१,२३,४५,६७८ ची झाडाझडती

या महिन्याच्या टपालात योगायोगाने एकाच संख्येबद्दल बरीच पत्रं निघाली. १ ते ८ हे अंक ओळीने लिहिले की १,२३,४५,६७८ तयार होते. दिसायला ती नीटनेटकी आहे, पण तिच्या पोटात काय आहे ते या मांडणीवरून अजिबात कळत नाही. म्हणून या वेळचं सदर तिच्याच नावावर. प्रश्न थोडे आटोपशीर केले आहेत. ज्यांना फक्त कॉम्प्युटरवरच्या तपासणीत रस आहे त्यांनी थेट शेवटचे दोन प्रश्न पाहावेत.

प्रश्न : या संख्येचे मूळ अवयव हाताने काढायला बसलो. वर्गमूळ साधारण ३५१३.६ येतं. म्हणजे ३५१३ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहायचं का? त्या तर ४९० निघाल्या!

४९० हा आकडा बरोबर आहे, पण एवढे भागाकार करायची वेळ येत नाही. एकेक अवयव सापडला की उरलेली संख्या लहान होते आणि तिच्याबरोबर थांबण्याची मर्यादाही खाली येते. प्रत्यक्ष करून पाहू.

संख्या सम आहे. २ ने भागल्यावर ६१,७२,८३९ उरते. तिच्या अंकांची बेरीज ३६, म्हणून ३ ने भाग जातो आणि २०,५७,६१३ मिळते. इथे पुन्हा बेरीज करायची : २४. पुन्हा ३ ने भागलं की ६,८५,८७१. आता बेरीज ३५, म्हणजे ३ चं काम संपलं. ६,८५,८७१ चं वर्गमूळ ८२८ च्या आसपास आहे, त्यामुळे मर्यादा ३५१३ वरून ८२८ वर आली. ५ पासून ४३ पर्यंतच्या बारा मूळ संख्यांनी भाग जात नाही, ४७ ने जातो आणि १४,५९३ उरते.

१४,५९३ चं वर्गमूळ १२०.८. इथे पुन्हा ५ पासून सुरुवात करायची गरज नाही, कारण त्या बारा संख्यांनी ६,८५,८७१ लाच भाग गेला नाही, तर तिच्या विभाजकाला कुठून जाणार? ४७ पासून ११३ पर्यंत सोळा मूळ संख्या उरतात. सगळ्यांनी बाकी उरते (शेवटच्या ११३ ने भागल्यावर १६). म्हणजे १४,५९३ मूळ आहे. ३ च्या पुढचे भागाकार मोजले तर सगळे मिळून २९ झाले.

उत्तर : १,२३,४५,६७८ = २ × ३² × ४७ × १४,५९३.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे एकदा भाग गेला की त्याच संख्येने पुन्हा भागून न पाहणं. समजा ३ ने एकदाच भागलं आणि पुढे गेलात. २०,५७,६१३ ला ४७ ने भागल्यावर ४३,७७९ येईल. तिचं वर्गमूळ २०९.२. आता ४७ ते २०९ मधल्या एकाही मूळ संख्येने तिला भाग जाणार नाही आणि तुम्ही बेधडक ‘४३,७७९ मूळ आहे’ असं लिहून मोकळे व्हाल. प्रत्यक्षात ती ३ × १४,५९३ आहे. गंमत म्हणजे शेवटी सगळे अवयव गुणून ताळा केला तरी ही चूक पकडली जात नाही, गुणाकार बरोबरच येतो. म्हणून शेवटच्या अवयवाच्या अंकांची बेरीज वेगळी तपासावी. ४३,७७९ ची बेरीज ३० आहे, तिथेच चोर सापडतो.

प्रश्न : ७, ११ आणि १३ साठी एकच कसोटी असते असं वाचलं. संख्येचे गट पाडून आलटून पालटून वजा-बेरीज करायची. मी ६७८ − ४५ + २३ − १ असं केलं, ६५५ आलं. आता पुढे काय?

पुढे काहीच नाही, कारण गट चुकले. तुम्ही लाख-कोटीच्या स्वल्पविरामांवर संख्या तोडलीत. या कसोटीत उजवीकडून तीन-तीन अंकांचेच गट घ्यावे लागतात : ६७८, ३४५, १२. कारण सोपं आहे. ७ × ११ × १३ = १००१, म्हणजे १००० ला यांपैकी कशानेही भागलं तरी परिणाम −१ धरल्यासारखाच होतो. दर तीन अंकांनंतर चिन्ह बदलतं ते त्यामुळे. १०० चं असं काही होत नाही.

६७८ − ३४५ + १२ = ३४५. या ३४५ ला ७ ने भागल्यावर बाकी २, ११ ने ४, १३ ने ७. १,२३,४५,६७८ चीही बाकी हीच. तीन लांबलचक भागाकार एका ओळीत आटोपले.

याच गटांची नुसती बेरीज केली की २७ आणि ३७ ची कसोटी मिळते, कारण ९९९ = २७ × ३७. आपल्या संख्येसाठी ६७८ + ३४५ + १२ = १०३५. तिला ९ ने भाग जातो, २७ ने नाही, आणि ३७ ने भागल्यावर ३६ उरतात. म्हणजे फक्त एक कमी पडला. तेव्हा पुढच्याच संख्येला, १,२३,४५,६७९ ला, ३७ ने भाग जाणार हे न भागताच कळलं. भागाकार ३,३३,६६७ येतो आणि तीही मूळ आहे. या शेजारणीला ९ ने गुणलं की नऊ एके ओळीने येतात हे पुष्कळांना माहीत असतं. त्यामागचं कारणही याच अवयवांत आहे : ३७ × ३ = १११ आणि ३,३३,६६७ × ३ = १०,०१,००१. या दोघांचा गुणाकार मनात मांडून पाहा.

प्रश्न : विभाजकांची संख्या २४ आली, ती जुळते. पण सर्व विभाजकांची बेरीज मला ३,३६,२४,५७६ मिळाली आणि कॉम्प्युटर २,७३,१९,९६८ दाखवतो. कोण चुकलं?

तुम्ही. आणि कुठे चुकलात तेही तुमच्या आकड्यावरून दिसतं. तुम्ही (२+१)(३+१)(३+१)(४७+१)(१४,५९३+१) असा गुणाकार केलात. हे सूत्र प्रत्येक मूळ अवयव एकदाच आला असेल तेव्हाच चालतं. ३² साठी कंसात १ + ३ + ९ = १३ यायला हवेत, तुमच्याकडे ४ × ४ = १६ आले. ३ × १३ × ४८ × १४,५९४ = २,७३,१९,९६८.

विभाजक मोजताना ही चूक झाली नाही, कारण तिथे तुम्ही घातांकात एक मिळवून गुणलंत : २ × ३ × २ × २ = २४. हीच शिस्त सहमूळ संख्या मोजतानाही लागते. १ पासून या संख्येपर्यंतच्या किती संख्यांचा तिच्याशी मसावि १ आहे? ३² चा वाटा ९ − ३ = ६ असतो (२ × २ = ४ नव्हे), म्हणून १ × ६ × ४६ × १४,५९२ = ४०,२७,३९२.

विभाजकांच्या बेरजेतून संख्या स्वतःच वजा केली की १,४९,७४,२९० उरतात. हे संख्येपेक्षा जास्त आहेत, म्हणून ती विपुल संख्या. कमी असते तर न्यून, बरोबर तेवढेच असते तर परिपूर्ण. खरं तर एवढ्यासाठी बेरीज करायचीही गरज नव्हती. ६ ने भाग जाणारी, ६ पेक्षा मोठी कोणतीही संख्या विपुल असतेच : तिचा अर्धा, तिसरा आणि सहावा भाग हे तिन्ही तिचे विभाजक असतात, त्यांची बेरीज संख्येएवढी होते आणि वर किमान १ उरतोच.

आठ अंकी परिपूर्ण संख्या एकच आहे : ३,३५,५०,३३६ = ४०९६ × ८१९१. तिच्या आधी फक्त ६, २८, ४९६ आणि ८१२८.

प्रश्न : एखादी संख्या दोन वर्गांची बेरीज आहे की नाही हे अवयवांवरून सांगता येतं म्हणे. १,२३,४५,६७८ चं काय?

येतं. ४ ने भागल्यावर ३ उरणाऱ्या मूळ संख्या तेवढ्या पाहायच्या. अवयवांत अशी प्रत्येक संख्या सम वेळा आली पाहिजे. इथे अशा दोन आहेत : ३ आणि ४७. ३ दोनदा आला आहे, तो ठीक. ४७ एकदाच आला आहे आणि तिथेच घोडं अडतं. दोन वर्गांची बेरीज होणार नाही.

वर्गांची वजाबाकी तरी? तीही नाही, आणि याला अवयवसुद्धा लागत नाहीत. कोणत्याही वर्गाला ४ ने भागलं की बाकी ० किंवा १ असते. दोन वर्गांच्या वजाबाकीची बाकी त्यामुळे ०, १ किंवा ३ येऊ शकते, २ कधीच नाही. आपल्या संख्येचे शेवटचे दोन अंक ७८, म्हणजे बाकी २.

तीन वर्गांत मात्र ती बसते. फ्रेंच गणिती लजांद्रने १७९८ साली दिलेल्या प्रमेयानुसार, ४ ने जितक्या वेळा भाग जाईल तितक्या वेळा भागून उरलेल्या संख्येची ८ ने भागल्यावर बाकी ७ येत असेल तरच तीन वर्ग पुरत नाहीत. इथे बाकी ६ आहे. प्रमेय वर्ग शोधून देत नाही, ते आपण शोधायचे. ३५१३² वजा केल्यावर ४,५०९ उरतात, ते २७ × १६७ आहेत, निरुपयोगी. ३५१२ आणि ३५११ देखील फसतात. ३५१०² वजा केल्यावर २५,५७८ = २ × ३² × ७² × २९. इथे ३ आणि ७ दोन्ही दोनदा आहेत, म्हणजे काम होणार. २१² बाहेर काढले की ५८ उरतात आणि ५८ = ७² + ३². म्हणून

१,२३,४५,६७८ = ३५१०² + १४७² + ६३².

जाता जाता : ओळीने येणाऱ्या दोन किंवा अधिक नैसर्गिक संख्यांची बेरीज म्हणून ती अकरा प्रकारे लिहिता येते. विषम विभाजक १२ आहेत, त्यातला १ वगळायचा. चार संख्यांची ओळ ३०,८६,४१८ पासून सुरू होते.

प्रश्न : ही हर्षद संख्या आहे का?

नाही. अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्येला हर्षद संख्या म्हणतात. हे नाव देवळालीचे शिक्षक आणि गणिती द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांनी दिलं. इथे बेरीज ३६. भाग जायला ९ आणि ४ दोन्हींनी जायला हवा. ९ ने जातो, पण ७८ ला ४ ने जात नाही.

६ आणि ७ यांची अदलाबदल केली तर? १,२३,४५,७६८ = ३६ × ३,४२,९३८, म्हणजे हर्षद. १ ते ८ हे अंक एकेकदा वापरून ४०,३२० संख्या होतात. शेवटी ४ ने भाग जाणारी जोडी (१२, १६, २४… ८४) चौदा प्रकारे येते आणि उरलेले सहा अंक ७२० प्रकारे मांडता येतात, म्हणून १०,०८० हर्षद संख्या, बरोबर चौथा हिस्सा. त्या ४०,३२० पैकी मूळ मात्र एकही नाही, कारण प्रत्येकीला ९ ने भाग जातो. काही जण असे अंक उलटसुलट करून मूळ संख्या शोधत बसतात. त्यांनी ८ काढून टाकावा. १ ते ७ ची बेरीज २८ होते आणि मग ७६,५२,४१३ सारखी मूळ संख्या सापडते.

प्रश्न : एका संकेतस्थळावर कोणतीही संख्या टाकली की तिला वीसेक बिरुदं चिकटवून मिळतात. स्मिथ, ईव्हिल, प्रॅक्टिकल… यांतली गंभीरपणे घेण्यासारखी कोणती?

एक चाळणी लावा : संख्या दशमान सोडून दुसऱ्या पद्धतीत लिहिली तर बिरुद टिकतं का? विपुल, वर्गमुक्त (१ सोडून कोणत्याही वर्गाने भाग न जाणारी), दोन वर्गांची बेरीज हे गुण संख्येचे स्वतःचे, ते कुठल्याही पद्धतीत तसेच राहतात. हर्षद आणि स्मिथ हे लिहिण्याच्या पद्धतीचे. ते कमअस्सल आहेत असं नाही, पण त्यांच्यावरून संख्येच्या रचनेबद्दल फारसं हाती लागत नाही.

स्मिथ संख्येत अंकांची बेरीज आणि मूळ अवयवांच्या अंकांची बेरीज सारखी असते. २२ = २ × ११ हे साधं उदाहरण : ४ आणि ४. आपल्या संख्येत ३६ विरुद्ध २ + ३ + ३ + ११ + २२ = ४१, त्यामुळे बाद. शेजारची १,२३,४५,६७९ थोडक्यात हुकली, ३७ विरुद्ध ३८. ‘ईव्हिल’ म्हणजे द्विमान रूपात सम संख्येने १ असणं. इथे १०११ ११०० ०११० ०००१ ०१०० १११० यात बारा आहेत, म्हणून ते बिरुद मिळतं. यापलीकडे त्यात वेळ घालवू नये.

‘प्रॅक्टिकल’ची गोष्ट वेगळी. त्या संख्येपेक्षा लहान असलेली प्रत्येक संख्या तिच्या वेगवेगळ्या विभाजकांची बेरीज म्हणून मांडता यायला हवी. १,२३,४५,६७८ चे विभाजक चढत्या क्रमाने १, २, ३, ६, ९, १८ आणि मग एकदम ४७. पहिल्या सहांची बेरीज ३९. त्यामुळे १ ते ३९ सगळ्या संख्या जमतात आणि ४० वर गाडी अडते, कारण पुढचा विभाजक ४७, तो ४० पेक्षा मोठा. एवढे विपुल विभाजक असूनही ४० बनवता येत नाही. मूळ अवयव चढत्या क्रमाने घेताना प्रत्येक नवा अवयव आधीच्या भागाच्या विभाजकांच्या बेरजेपेक्षा जास्तीत जास्त १ ने मोठा असावा, ही अट आहे. ४७ च्या जागी ३७ असता तर ही पायरी ओलांडली गेली असती. १४,५९३ पाशी मात्र पुन्हा ठेच लागलीच असती.

प्रश्न : स्प्रेडशीटमध्ये १७ अंकी संख्या लिहिली की शेवटचे दोन अंक शून्य होतात. फाइल बिघडली आहे का?

फाइल ठीक आहे. स्प्रेडशीट साधारणपणे १५ अंकच राखते. १२३४५६७८९०१२३४५६७ लिहिलंत तर १२३४५६७८९०१२३४५०० साठवलं जातं आणि मग भागाकाराची बाकी अर्थातच चुकते. रकाना मजकूर म्हणून ठरवला तर अंक दिसतील, पण त्यावर आकडेमोड केली की पुन्हा तेच. ब्राउझरमधल्या साध्या संख्यांची मर्यादा २⁵³, म्हणजे ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९२. तिच्यात १ मिळवला तरी ती हलत नाही.

याचा परिणाम लहान संख्यांवरही होतो. वर्ग करून बाकी काढायची असेल तर ९,४९,०६,२६५ पर्यंतच्या संख्यांचेच वर्ग त्या मर्यादेत बसतात. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत पूर्णांकांना अशी मर्यादा नाही, पण भागाकारासाठी एकच तिरपी रेघ वापरलीत तर उत्तर दशांश रूपात जातं आणि तिथेच मोठी संख्या नासते. दोन तिरप्या रेघा वापराव्यात.

प्रश्न : n मूळ असेल तर २ च्या (n−१) व्या घाताला n ने भागल्यावर बाकी १ येते. मग बाकी १ आली की n मूळ, असं का म्हणू नये? माझ्याकडे एक ३० अंकी संख्या आहे, तिला हीच कसोटी लावली आणि बाकी १ आली नाही.

आधी पहिला भाग. उलटं म्हणता येत नाही, आणि त्याचं सर्वांत लहान उदाहरण ३४१ आहे. २¹⁰ = १०२४ = ३ × ३४१ + १. म्हणजे २¹⁰ ची बाकी १, म्हणून २³⁴⁰ चीही १. तरीही ३४१ = ११ × ३१. पाया (ज्या संख्येचा घात काढतो ती) बदलून २ ऐवजी ३ घेतला तर ३४१ पकडली जाते, पण ५६१ सारख्या संख्या आपल्याशी सहमूळ असलेल्या कोणत्याही पायाला चकवतात. त्या कारमायकेल संख्या. त्या अनंत आहेत हे १९९४ साली सिद्ध झालं.

उपाय म्हणजे मिलर-राबिन कसोटी. शेवटची बाकी १ आली एवढ्यावर न थांबता ती कुठून आली ते पाहायचं. ३४० = ४ × ८५. आधी २⁸⁵ ची बाकी काढा : दर दहा घातांनी १ येतो, म्हणून ती २⁵ = ३२. आता वर्ग करत जा : ३२² = १०२४, बाकी १. मूळ संख्येच्या बाबतीत वर्ग करून १ आला तर वर्गापूर्वी १ किंवा n−१ असलेच पाहिजेत. इथे ३२ होते, म्हणजे ३४१ संयुक्त. वर बक्षीस असं की ३२ − १ = ३१ आणि ३४१ यांचा मसावि ३१, म्हणजे अवयवही हाती लागला.

२, ३, ५ हे तीन पाये २,५३,२६,००१ पेक्षा लहान संख्यांसाठी पुरेसे आहेत. त्यांत ७ मिळवला तर ३,२१,५०,३१,७५१ च्या खालच्या सगळ्यांसाठी. या दोन्ही संख्या स्वतः संयुक्त असून आपापल्या पायांना फसवतात, म्हणूनच मर्यादा तिथे आहे. पायथनच्या पॉव फंक्शनला पाया, घातांक आणि भाजक असे तीन आकडे दिले की बाकी लगेच मिळते. आधी पूर्ण घात काढून मग भागायला गेलात तर मशीन अडकेल.

आता तुमची ३० अंकी संख्या. बाकी १ आली नाही, म्हणजे ती संयुक्त आहे (विषम आहे असं धरतो), यात शंका नाही. पण तिचे अवयव कोणते याबद्दल ही कसोटी अवाक्षर काढत नाही. २⁶⁷ − १ संयुक्त आहे हे फ्रेंच गणिती लुकासने १८७६ सालीच दाखवलं होतं, तिचे अवयव मात्र अमेरिकन गणिती कोलने १९०३ साली मांडले : १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७.

तुमचं काम त्यामानाने सोपं आहे. आधी दहा हजारापर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून घ्या. उरलेल्या भागावर पोलार्डची रो पद्धत (१९७५) चालवा. ती एका ठरावीक सूत्राने एकामागून एक संख्या काढते आणि त्यांच्या फरकांचा मसावि पाहून अवयव शोधते. तिला लागणाऱ्या पायऱ्या सर्वांत लहान मूळ अवयवाच्या वर्गमुळाच्या घरात असतात. ३० अंकी संयुक्त संख्येचा लहान अवयव जास्तीत जास्त १५ अंकी, म्हणजे पायऱ्या काही कोटींच्या आसपास, आणि एवढं घरचा कॉम्प्युटर करतो. पद्धत नुसतीच फिरत राहिली किंवा तिने संख्याच परत दिली तर सूत्रातला स्थिरांक बदलून पुन्हा सुरू करा. मिळालेला अवयव मूळ असेलच असं धरू नका. दोन लहान मूळ संख्यांचा गुणाकार एकदम हाती येऊ शकतो, म्हणून प्रत्येक तुकड्यावर मिलर-राबिन पुन्हा लावा.